अठराने गुणून

सोहारमध्ये आम्ही सगळंच गुणतो.
रियालला दोनशे वीस, कधी दोनशे एकवीस.
घरभाडं, चपलांची जोडी, हापूसची पेटी,
गुणल्याशिवाय हात खिशात जात नाही.

सफूरा सहा वर्षांची झाली
आणि आणखी एक पाढा पाठ करावा लागला.
इथलं यंत्र साखर सांगतं ती पाच, सात, अकरा अशी.
हर्णैहून आपा फोनवर विचारते, "किती?"
तिला शंभर-दोनशेची सवय, तिचीही गोळी चालू आहे.
मी मनात अठराने गुणतो,
मग ठरवतो, खरं सांगायचं की थोडं कमी.

धंद्याने मी फ्रिज आणि एसीवाला.
अठ्ठेचाळीस डिग्रीत गच्चीवर चढून
लोकांच्या खोल्यांत गारवा सोडतो.
गॅस भरला की कानाला कळतं
कॉम्प्रेसर खरं बोलतोय की नाही.
आमच्या फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या खणावर,
तिची इन्सुलिनची पेनं. दोन ते आठ.
गोठायला नकोत, तापायला नकोत.
या पट्टीत मी आयुष्यभर दुसऱ्यांचं दूध राखलं.
पोर राखायची कुणी शिकवलं नव्हतं.

नसीम सुई टोचून दहापर्यंत मोजायची,
दर वेळी सातला तिचा आवाज फुटायचा.
आता सफूराच टोचून घेते,
आज इथे, उद्या चार बोटं पलीकडे,
टीव्हीवरची नजर न काढता.
भात डोळ्यांनी तोलते, वाटी लागत नाही.
वाढदिवसाचा केक शाळेतून डब्यात घरी आणते,
"याचे किती धरू?"

एकदा विचारलं नाही, खाल्ला. सतरा पूर्णांक चार.
मी ओरडलो.
अठराने गुणून ओरडलो.
दुसऱ्या संध्याकाळी ती दारातच उभी होती:
"आल्या आल्या किती विचारायचं नाही, अब्बा.
आधी चपला काढ."

रमजानात म्हणाली, रोजा धरणार.
सुदानी डॉक्टर हसून म्हणाला, तुला माफ आहे.
मला माफ नको, ती म्हणाली,
आणि गाडीत घरापर्यंत बोलली नाही.

उम्म सालिमकडे इफ्तारीला बसलो होतो,
अजानला नऊ मिनिटं बाकी.
दंडावरचा सेन्सर बोंबलला. तीन पूर्णांक दोन.
सगळ्या सतरंजीने तिच्याकडे पाहिलं,
ती ताटाकडे पाहीना.
उम्म सालिमने दोन खजूर उचलले,
रांगत्या बाळासाठी काढतात तशा बिया काढल्या,
तिच्या तळहातावर ठेवले
आणि पुन्हा आपल्या पाण्याच्या पेल्यासमोर
तशीच कोरड्या ओठांनी बसली.
सफूराने खाल्ले. मान खाली. रडली नाही.

मग अजान झाली.
हात ताटांकडे गेले, हरीस आलं, समोसे आले,
चमच्यांचा आवाज, पोरांचा कल्ला.
ती मात्र थांबली होती.
पंधरा मिनिटं, मग पुन्हा बघायचं, मगच इन्सुलिन, मगच जेवण.
नऊ वर्षांची पोर, मांडी घालून,
समोर वाढलेलं ताट,
आणि सगळ्या घरात उपाशी ती एकटी.
मला म्हणाली, हळूच,
"अब्बा, हा माझा."

पाच पूर्णांक एक आला.

रात्री आपाचा फोन. "किती होती?"
म्हटलं, ब्याण्णव.
हिशोब बरोबर होता.
त्या पंधरा मिनिटांना कशाने गुणून
हर्णैला पाठवायचं, सुचलं नाही.
म्हणून विचारलं, तिकडे पापलेट काय भावाने आहे.

पहाटे तीनला नसीम उठली, बघून आली,
सहा बोटं दाखवून पुन्हा आडवी झाली.
मी जागाच. फ्रिज बंद झाला,
तसा तो होतोच, मला ठाऊक आहे,
दर काही मिनिटांनी.
तरी पुन्हा घरघरेपर्यंत
कूस बदलली नाही.